कमी वेळ, कमी पैसा आणि लॉ सीईटी: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, बीड, हिंगोलीकडची मुलंमुली वकिलीच्या प्रवेश परीक्षेबद्दल विचारायला येतात तेव्हा बहुतेकांची काळजी एकच असते. क्लासला पैसे नाहीत आणि परीक्षा तोंडावर आलेली आहे. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि जमेल तशी या मुलांना मदत करते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: राज्याच्या लॉ सीईटीला महागडा क्लास लागत नाही. संविधान नीट वाचलेलं, इंग्रजीला रोज थोडा वेळ दिलेला आणि दाखले वेळेत काढलेले असले, तर गावात राहूनही प्रवेश मिळतो.

सीईटी द्यावी की क्लॅट?

वेळ आणि पैसा दोन्ही कमी असतील तर आधी सीईटी. एमएच-सीईटी लॉ ही परीक्षा राज्याचा सीईटी सेल घेतो आणि तिच्यावर राज्यातल्या विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. आपल्याकडची छत्रपती संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण, परभणीचं शिवाजी ही लॉ कॉलेजं याच वाटेने मिळतात. पेपर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

क्लॅट राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी आहे. ती साधारण डिसेंबरात होते, पेन-कागदावर, फक्त इंग्रजीत. १२० प्रश्न, दोन तास, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अर्जाचं शुल्कच खुल्या गटाला ४,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या विद्यार्थ्यांना ३,५०० रुपये आहे. सीईटीचा अर्ज हजाराच्या आतबाहेर भरून होतो.

ज्याचं इंग्रजी वाचन आधीपासून चांगलं आहे त्याने क्लॅट जरूर द्यावी. आपल्या दारात, संभाजीनगरच्या कांचनवाडीत, महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१७ पासून चालू आहे. तिथे महाराष्ट्राच्या रहिवाशांना राखीव जागाही आहेत. फी मात्र वर्षाला लाखांत जाते, म्हणून घरी बोलून, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाचा हिशेब मांडून मगच त्या वाटेला जा. क्लॅटच्या तयारीसाठी ‘इडिया’ ही संस्था २०१० पासून गरीब घरातल्या मुलांना निवडून शिकवते. तुमची परिस्थिती खरोखर बिकट असेल आणि अकरावी-बारावीतच कायद्याची ओढ असेल, तर त्यांच्याकडे चौकशी करा.

पाच वर्षांचा कोर्स घ्यावा की पदवीनंतर तीन वर्षांचा?

बारावी झाली आहे आणि वकीलच व्हायचं हे नक्की आहे, तर पाच वर्षांचा घ्या. एक वर्ष वाचतं. मन अजून डळमळीत असेल, किंवा घराजवळच्या कॉलेजात पाच वर्षांचा कोर्सच नसेल, तर जवळ जे मिळेल त्यात बीए, बीकॉम करून नंतर तीन वर्षांचा एलएलबी करण्यात काही कमीपणा नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोघांची सारखीच असते. कोर्टात तुम्ही कुठून शिकलात हे पक्षकार विचारत नाही.

मी दोन वर्षं ‘नीट’ची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी केली, जमलं नाही. सायन्सच्या मुलाला लॉ चालतं का?

चालतं. कोणत्याही शाखेची बारावी चालते. लातूर-नांदेडला नीटच्या दोन-तीन प्रयत्नांनंतर खचून घरी परतलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मी मनापासून सांगते की तुम्ही इथे मागे नाही. तासन्‌तास बसण्याची आणि वेळ लावून पेपर सोडवण्याची सवय तुम्हाला आधीच आहे. तुमचा कच्चा भाग म्हणजे संविधान आणि चालू घडामोडी, आणि तो तीन-चार महिन्यांत भरून निघतो.

टक्के किती लागतात? वय जास्त असेल तर?

पाच वर्षांच्या कोर्सला बारावीत आणि तीन वर्षांच्या कोर्सला पदवीत खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती वगैरेंना ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. वयाची अट नाही. चाळिशीतल्या अंगणवाडी सेविकेने किंवा निवृत्त फौजदाराने एलएलबी केलं तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

माझी पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची आहे. चालेल का?

दहावी आणि बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर चालते. दहावी-बारावी न करता थेट प्रवेश घेऊन मिळवलेली पदवी बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमात बसत नाही. अर्ज भरण्याआधी स्वतःची गुणपत्रकं काढून बघा. फी भरल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

पेपर कसा असतो?

संगणकावर, १२० प्रश्न, १२० गुण, दोन तास. पाच वर्षांच्या कोर्सला कायद्याचे ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २४, तर्कशक्ती ३२, इंग्रजी २४ आणि गणित ८. तीन वर्षांच्या कोर्सला गणित नाही. तिथे कायदा २४, सामान्य ज्ञान ३२, तर्कशक्ती २४ आणि इंग्रजी तब्बल ४०. आधी हा पेपर १५० प्रश्नांचा होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत तोच आकडा सापडेल. तुमच्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि शेवटचा शब्द तिचाच माना.

या आकड्यांकडे नीट बघा, कारण अभ्यास त्यांच्यावर ठरतो. पदवीधर मुलं कलमं पाठ करत बसतात आणि इंग्रजीला हात लावत नाहीत, जेव्हा पेपरचा तिसरा हिस्सा इंग्रजीचा आहे.

गुण कापत नाहीत म्हणून १२० पैकी एकही प्रश्न कोरा सोडू नका. शेवटची पाच मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर खुणा करण्यासाठीच ठेवा.

माझं सगळं शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालं. इंग्रजीचं काय करू?

हा प्रश्न विचारताना मुलं मान खाली घालतात. तसं करायचं काही कारण नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, साक्षीपुरावा, उलटतपास हे सगळं मराठीत चालतं. ज्याची मराठी पक्की आणि बोलणं मुद्द्याला धरून, तो तालुक्याच्या कोर्टात उभा राहू शकतो. उच्च न्यायालयाला मात्र इंग्रजी लागते, आणि परीक्षेलाही.

सीईटीची इंग्रजी दहावीच्या पलीकडे फारशी जात नाही. रिकाम्या जागा, चूक शोधणं, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, एखादा उतारा. यासाठी नवं व्याकरणाचं पुस्तक घेण्यापेक्षा आठवी ते दहावीची बालभारतीची इंग्रजीची पुस्तकं काढा. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. काळ, शब्दयोगी अव्यय, आर्टिकल आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ एवढे चार भाग पक्के झाले तरी चुका शोधण्याचे बरेच प्रश्न सुटतात.

त्याच्या जोडीला रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एकच बातमी, शक्यतो कोर्टाच्या निकालाची. आधी तीच बातमी मराठी पेपरात वाचा, मग इंग्रजीत. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे शब्दकोश कमी उघडावा लागतो आणि अपील, जामीन, याचिका, स्थगिती यांचे इंग्रजी शब्द आपोआप ओळखीचे होतात. नवे शब्द वहीत एकटे उतरवू नका, ज्या वाक्यात सापडले ते वाक्यच उतरवा. दोन महिन्यांत फरक तुमचा तुम्हालाच जाणवेल.

आणखी एक गोष्ट. पेपर दोन्ही भाषांत असला तरी कायद्याच्या प्रश्नांचं मराठी भाषांतर कधी कधी इतकं बोजड असतं की प्रश्नच कळत नाही. अडलं की तोच प्रश्न इंग्रजीत वाचा. त्यासाठी सरावही दोन्ही भाषांतून करा.

संविधान किती वाचायचं आणि कुठून?

सर्वात जास्त वेळ द्यायची जागा ही. ‘भारताचे संविधान’ मराठीत उपलब्ध आहे. पूर्ण पाठ करायचं नाही. उद्देशिका, मूलभूत हक्क म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५, मार्गदर्शक तत्त्वं ३६ ते ५१, मूलभूत कर्तव्यं ५१-क, मग राष्ट्रपती, संसद, राज्यपाल, सर्वोच्च आणि उच्च न्यायालय, निवडणूक आयोग, आणीबाणी आणि घटनादुरुस्तीची पद्धत. अनुच्छेदाचा मूळ मजकूर आधी वाचा, गाइडमधलं स्पष्टीकरण नंतर. मूळ मजकुरातली ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’, ‘वाजवी निर्बंध’ अशी शब्दरचना पेपरात जशीच्या तशी येते.

आकडे नुसते घोकले तर आठवड्यात पुसले जातात. त्यांच्यामागची हकिकत कळली की टिकतात. मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता. जमीन सुधारणांवरून सरकार आणि न्यायालय यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण झाली. १९६७ च्या गोलकनाथ निकालाने संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असं म्हटलं. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने सांगितलं की संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून ३००-क मध्ये गेला. एवढी एक साखळी समजली की पाच-सहा प्रश्नांची उत्तरं एकाच धाग्यात मिळतात, आणि ज्याच्या घरी कूळकायद्याची किंवा सिलिंगची जमीन आहे त्याला तर ही घरचीच गोष्ट वाटते.

अशीच साखळी अनुच्छेद २१ ची, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची, लावा: १९७८ चा मनेका गांधी निकाल, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आलेला शिक्षणाचा हक्क २१-क, २०१७ चा खासगीपणाचा पुट्टस्वामी निकाल. मराठवाड्याचा उल्लेखही संविधानात आहे. अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आहे.

कायदा शिकलोच नाही, मग कायद्याचे प्रश्न कसे सोडवायचे?

अर्धे प्रश्न माहितीचे असतात. उरलेल्यांत एक तत्त्व दिलेलं असतं, एक प्रसंग दिलेला असतो आणि तत्त्व प्रसंगाला लावून उत्तर काढायचं असतं. इथे हुशार मुलंही चुकतात, कारण ती न्याय करायला निघतात.

एक नमुना घ्या. तत्त्व: नोकर मालकाचं काम करत असताना त्याच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं, तर मालक जबाबदार. प्रसंग: ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा चालक कारखान्यावर माल खाली करतो. परतीचा रस्ता सोडून तो मालकाला न सांगता मेव्हण्याच्या लग्नासाठी दुसऱ्या तालुक्यात जातो आणि तिथे दुचाकीला धडक देतो. मालक जबाबदार का? मुलं म्हणतात, हो, ट्रॅक्टर त्याचा आहे, पैसाही त्याच्याकडेच आहे. दिलेल्या तत्त्वाप्रमाणे उत्तर नाही असं आहे, कारण अपघात झाला तेव्हा तो मालकाचं काम करत नव्हता. आता प्रसंग थोडा बदला: परतताना तो रस्त्यातच चहाला थांबला आणि निघताना धडक बसली. आता उत्तर बदलतं. परीक्षकाने ओळ कुठे हलवली हे शोधणं हाच या प्रश्नांचा अभ्यास.

खऱ्या मोटार अपघात दाव्यात विमा, परवाना आणि मोटार वाहन कायदा येतो, आणि चित्र वेगळं असू शकतं. परीक्षेत ते सगळं बाजूला ठेवा. दिलेलं तत्त्व पटत नसलं तरी तेच लावायचं.

माहितीच्या भागासाठी करार आणि अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे ज्याची नुकसानभरपाई मागता येते असं दिवाणी चुकीचं कृत्य) यांची मुळं समजून घ्या. अज्ञानाने, म्हणजे १८ वर्षांखालच्या व्यक्तीने, केलेला करार मुळातच शून्य, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यात ठरलं. १९३२ च्या डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सनमधून निष्काळजीपणाचा कायदा आला. दिल्लीतल्या वायुगळतीवरच्या १९८७ च्या एम. सी. मेहता निकालातून धोकादायक उद्योगांची निरपवाद जबाबदारी आली. माहितीचा अधिकार २००५, बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा पोक्सो २०१२, ग्राहक संरक्षण २०१९ हे कायदेही वरवर माहीत हवेत.

सिनियरने जुनी पुस्तकं दिली आहेत. चालतील का?

संविधान, इंग्रजी आणि तर्कशक्तीसाठी चालतील. फौजदारी कायद्यासाठी फार जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. खुनाचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे, निष्काळजीपणाने मृत्यू ३०४-अ ऐवजी १०६, पती किंवा नातेवाइकांकडून क्रूरता ४९८-अ ऐवजी ८५. एफआयआर पूर्वी १५४ मध्ये होती, आता नव्या प्रक्रिया संहितेच्या १७३ मध्ये आहे. जमावबंदीचं १४४ आता १६३. नव्या न्याय संहितेत ३५८ कलमं आहेत, जुनीत ५११ होती.

पुस्तक फेकू नका. समासात पेन्सिलने नवे क्रमांक लिहा. मूळ कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, क्रमांक तिथून पडताळा. मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यांत चुका असतात.

चालू घडामोडी कुठून करू?

एक मराठी पेपर, मग तो गावच्या ग्रंथालयात बसून वाचलेला असो की चहाच्या हॉटेलात, आणि आकाशवाणीच्या बातम्या. मागच्या दहा-बारा महिन्यांतल्या मोठ्या गोष्टींची वही करा: महत्त्वाचे निकाल, नवे कायदे आणि घटनादुरुस्त्या, नेमणुका, पुरस्कार, क्रीडा. नेमणुका क्रमाने लिहा, म्हणजे गोंधळ होत नाही. उदाहरणार्थ, ५२ वे सरन्यायाधीश भूषण गवई यांचा कार्यकाळ मे ते नोव्हेंबर २०२५ होता आणि त्यांच्यानंतर सूर्य कांत आले. दुसऱ्याची छापील मासिकं पाच-पाच घेण्याची गरज नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेलंच परीक्षेत आठवतं.

तर्कशक्ती आणि गणित?

नातेसंबंध, दिशा, मालिका, सांकेतिक भाषा, विधान-निष्कर्ष. रोज अर्धा तास सराव केला की येतं, पोलीस भरतीची पुस्तकं चालतात. गणित आठच गुणांचं आहे. टक्केवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, सरासरी करा, बाकी सोडा.

दिवसभर शेतात किंवा दुकानात काम असतं. दोनच तास मिळतात. होईल का?

चार महिने हातात असतील तर होईल. सीईटी साधारण मार्च ते मेमध्ये होते. सोयाबीनची काढणी आणि रब्बीची पेरणी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरुवात करा. पहाटेचा एक तास संविधान आणि कायद्याला द्या, कारण तेव्हा डोकं ताजं असतं आणि कुणी हाका मारत नाही. रात्रीच्या तासात अर्धा इंग्रजी, अर्धा तर्कशक्ती. पेपर वाचन याच्या बाहेर, मोकळ्या वेळात. मोबाइलवर संविधानाची पीडीएफ आधीच उतरवून ठेवली तर वीज आणि रेंज गेली तरी अडत नाही.

शेवटच्या महिन्यात नवं काही घेऊ नका. आठवड्याला दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा आणि प्रत्येक पेपरानंतर चुकलेल्या प्रश्नांवर तेवढाच वेळ घालवा. का चुकलं, माहिती नव्हती की प्रश्न घाईत वाचला, हे बाजूला लिहा. निम्म्या चुका घाईच्या निघतात असा माझा अनुभव आहे.

बारावीच्या मुलांनी जानेवारीपर्यंत एवढं करून मग बोर्डाकडे लक्ष द्यावं. बोर्डाचा पेपर संपला की लॉच्या वह्या पुन्हा उघडाव्यात. ऊसतोडीला घरच्यांबरोबर जाणारी मुलंही मला भेटतात. त्यांना दोन तासही मिळत नाहीत. त्यांनी निदान कागदपत्रं दिवाळीआधी काढून ठेवावीत आणि कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीवर) वाचण्यासाठी संविधान आणि एक सरावसंच एवढंच सोबत न्यावं. परीक्षा दरवर्षी होते. एका वर्षाने काही बिघडत नाही.

मग क्लास लावायचाच नाही?

ज्याला एकट्याने बसायला जमतच नाही त्याने लावावा, पण कर्ज काढून नव्हे. पैसा मर्यादित असेल तर माझ्या मते त्याचा क्रम असा: आधी परीक्षेचा अर्ज, मग दाखले, मग परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास, मग एक चांगला सरावसंच, आणि उरलेच तर ऑनलाइन मॉक टेस्ट. संगणकावर कधीच पेपर सोडवला नसेल तर परीक्षेआधी दोन-तीनदा नेट कॅफेत बसून माउस हाताळायची सवय करा. पुस्तकं संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जुनी मिळतात. केंद्र निवडताना घराजवळचं शहर टाका. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा तो खर्च निम्म्यावर येतो.

‘प्रवेशाची हमी’ देणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका. मूळ कागदपत्रं कुणाच्या हाती ठेवू नका.

कागदपत्रं कोणती लागतात? आताच का काढायची?

दहावी-बारावीची आणि पदवीची गुणपत्रकं, टीसी, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला सगळ्यांना लागतात. आरक्षणातून अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेयर. आर्थिक दुर्बल घटकातून असेल तर त्याचा दाखला. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

सर्वात जास्त रडवते ती जात वैधता. सायन्सच्या मुलांचे अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत जातात. कला शाखेच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही, आणि मग चांगले गुण असूनही प्रवेशाच्या वेळी त्यांच्याकडे वैधता नसते. वैधतेसाठी वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी, जुने महसुली कागद गोळा करावे लागतात. आजोबा शाळेत गेले नसतील तर आणखी वेळ लागतो. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी निजामकाळातल्या, उर्दू किंवा मोडीत असू शकतात. त्या वाचून भाषांतर करून घ्यायलाच आठवडे जातात. म्हणून अभ्यासाला सुरुवात कराल त्याच आठवड्यात वैधतेचा अर्ज करा. रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, काम सोपं होतं.

नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षीचा दाखला खिशात ठेवून निर्धास्त राहू नका, तारीख बघा.

नावाकडेही लक्ष द्या. आधारवर एक नाव, गुणपत्रकावर दुसरं, वडिलांच्या नावात एखादं अक्षर कमी-जास्त, हे आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधी तयार ठेवावी. सेतू केंद्रात मे-जूनमध्ये झुंबड उडते. दिवाळीनंतरचे दिवस त्या मानाने मोकळे असतात.

सीईटी दिली, निकाल आला. आता आपोआप कॉलेज लागेल ना?

नाही. इथे दरवर्षी कुणीतरी राहतं. सीईटीचा अर्ज वेगळा आणि प्रवेशाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीची नोंदणी वेगळी. निकालानंतर कॅपसाठी पुन्हा ऑनलाइन नोंदणी करायची, कागदपत्रं चढवायची, त्यांची छाननी होते, त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करायची, गुणवत्ता यादीत नाव आणि प्रवर्ग बरोबर आहे का बघायचं, आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. परीक्षा अनेक सत्रांत झाली असेल तर निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत या हिशेबात, येतो. त्याला टक्के समजून घाबरू नका.

पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचा कटऑफ बघा, पण ज्या कॉलेजात खरंच जायचं आहे तेच वर टाका. जिथे राहणं-खाणं परवडणारच नाही ते नाव मोठं आहे म्हणून लिहू नका. अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. नेट कॅफेवाल्याचा नंबर दिला की सूचना त्याला येतात आणि मुदत तुमची जाते.

फी कशी भरायची?

कॅपमधून प्रवेश घेतलात तर महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती आणि फी प्रतिपूर्तीच्या योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी फीची योजना, खुल्या गटातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. घर सोडून राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना. कोर्स आणि कॉलेजप्रमाणे अटी वेगळ्या असतात. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा की मागच्या वर्षी कोणाला काय मिळालं. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लाभ सहसा मिळत नाहीत, हे पालकांनी लक्षात घ्यावं.

समाजकल्याणच्या वसतिगृहांचे अर्ज वेगळे आणि त्यांची मुदतही वेगळी असते.

नोकरी करत एलएलबी करता येईल का?

दूरशिक्षणाने एलएलबी होत नाही. बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज जवळ असेल आणि नोकरी दुपारची असेल तर जमवता येतं. ‘फक्त परीक्षेला या’ असं सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. पदवी मिळेल, पण कोर्टात उभं राहिल्यावर काहीच येणार नाही.

घरचे म्हणतात, मुलीला कशाला वकील करायचं?

त्यांना एकदा कोर्टात घेऊन या. पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, वारसा हक्काने मिळायच्या जमिनीतला मुलीचा हिस्सा, अशा कामांसाठी आलेल्या बायका महिला वकील शोधत असतात. पुरुष वकिलासमोर त्या अर्धंच सांगतात. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात आणखी मुली वकील म्हणून हव्या आहेत. घरच्यांशी बोलायला आई-वडिलांना घेऊन आलात तर मीही बोलते.

वकील झाल्यावर सनद घ्यायलाच हजारो रुपये लागतात म्हणे?

पूर्वी अनेक राज्यांत तसं होतं. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बार कौन्सिलना अधिवक्ता अधिनियमात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ती रक्कम खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. ती तीन वर्षं तुमच्याच तालुक्याच्या कोर्टात काढता येतात.